ब्लॅक होलच्या एवढ्या धूसर फोटोवरून गुरुत्वाकर्षणाचे सिद्धांत कसे तपासतात? आइन्स्टाइन सिद्ध झाला का?

प्रश्नातला ‘धूसर’ शब्द लागला म्हणून लिहायला बसलो. नौपाड्यात माझं चष्म्याचं दुकान आहे, धूसर दिसणाऱ्यांवरच माझं पोट चालतं.

१२ मे २०२२ ला आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या सॅजिटेरियस ए स्टार या ब्लॅक होलचा, म्हणजे कृष्णविवराचा, फोटो आला आणि त्याच आठवड्यात भाचीचा साखरपुडा होता. पंगतीत मी मोबाईल फिरवला. भावोजी इंजिनीअर, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचाच. म्हणाले, “हा तर मेदूवडा! यावरून आइन्स्टाइन तपासणार? आधी तुझ्या दुकानातून चष्मा पाठव त्यांना.” अख्खी पंगत हसली, ताईसुद्धा. मी श्रीखंड गिळलं आणि गप्प बसलो.

आता ऐका. मायनस तीनवाला चष्मा काढून तक्ता बघतो, तेव्हा ‘प’ आहे की ‘ष’ हे त्याला कळत नाही. पण अक्षर केवढं आहे ते कळतं. इथेही मोजायचं होतं ते आकारमानच. वस्तुमान माहीत असलं की सावलीचा, म्हणजे उजळ वलयाच्या मधल्या काळ्या गोलाचा, व्यास आइन्स्टाइनच्या गणितातून ठरतोच, श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या (न फिरणाऱ्या कृष्णविवरात जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेची त्रिज्या) सुमारे ५.२ पट. कृष्णविवर गरगर फिरत असलं तरी थोडेच टक्के इकडेतिकडे. आणि वस्तुमान फोटोतून काढलेलं नाही, ही खरी गोम. गेंझेल आणि गेझ या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांनी भोवती फिरणारे तारे वर्षानुवर्षं बघून ते काढलं, सुमारे ४० लाख सूर्यांएवढं. २०२० चं नोबेल त्यासाठीच. अंतर २७ हजार प्रकाशवर्षं. म्हणजे सावली ५० मायक्रोआर्कसेकंदांच्या आसपास हवी (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे आर्कसेकंद, त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे हे माप). फोटोतलं वलय भरलं ५२.

२०१९ चा एम ८७ या दूरच्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा फोटो जास्त गाजला, पण परीक्षा म्हणून मला तो कच्चा वाटतो. तिथे ताऱ्यांवरून वस्तुमान ६०० कोटी सूर्यांहून जास्त यायचं, वायूवरून साधारण ३५० कोटी. मापातच एवढा घोळ, तर कापड काय बेतणार? वलय ताऱ्यांच्या बाजूने गेलं, हे मात्र खरं.

सिद्ध वगैरे काही झालेलं नाही. दहाएक टक्क्यांच्या फरकात गणित बसलं, एवढंच. सावली फारच लहान किंवा मोठी पाडणारे पर्यायी सिद्धांत बाद झाले, पण काही वर्महोल (अवकाशातला बोगदा) आणि नेकेड सिंग्युलॅरिटीवाले (भोवती सीमा नसलेला अतिघन बिंदू) अजून रांगेत आहेत. ‘प’ की ‘ष’ ते कळायला बारीक फोटॉन रिंग, म्हणजे कृष्णविवराला वळसा घालून आलेल्या प्रकाशाची कडी, वेगळी दिसायला हवी. त्याला जगभरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेली पृथ्वीएवढी दुर्बीणही पुरलेली नाही. आणि हो, वलयावरून सावलीचं माप काढताना वापरलेली बरीचशी सिम्युलेशन्स (संगणकावरच्या नकला) आइन्स्टाइनचंच गणित धरून केलेली आहेत. हे मी भावोजींना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

गेल्या दिवाळीत ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दुकानात आले होते. तिसरी ओळ वाचता येईना. म्हटलं, “राहू द्या भावोजी, अक्षर केवढं आहे तेवढं दाखवा.” त्यांनी दोन बोटांनी दाखवलं. बरोबर होतं.