प्रेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घेतात ती गोळी चालू असताना गांजा ओढला तर गोळी निकामी होते का? आणि गांज्याने अंगातला दाह खरंच कमी होतो का?

निकामी होत नाही. रोजच्या प्रेपमधली टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही औषधं मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, गांज्यातलं टीएचसी (नशा आणणारा घटक) यकृतात मोडतं. दोघांच्या वाटाच वेगळ्या.

खरी गोची वेगळीच आहे. रात्री दहाचा अलार्म वाजतो, हात लांब करून बंद होतो, आणि सकाळी गोळी स्ट्रिपमध्येच असते. तेव्हा ओढायच्या वेळेआधी, चहाबरोबर वगैरे घेऊन टाका.

दाहाचं म्हणाल तर, एचआयव्ही असलेल्यांवरच्या काही अभ्यासांत गांजा घेणाऱ्यांच्या रक्तात दाहाच्या काही खुणा कमी दिसल्या. पण ते लोक आधीच बाधित होते, आणि नुसत्या संबंधावरून कारण ठरत नाही. शिवाय धूर तो धूरच! रोज ओढणाऱ्याचा सकाळचा कफ बघा, श्वासनलिकेला दाह म्हणजे काय ते कळेल.

दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) चुकवू नका. गांज्याचं डॉक्टरांना सांगून टाका, त्यांनी याहून बरंच काही ऐकलेलं असतं. बाकी भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने गांजा बेकायदा आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच.