अमेझॉनची माती निकस असते म्हणतात, मग तिथे एवढं घनदाट जंगल कसं?

उत्तर: आपण पुणेकर काळ्या मातीच्या हिशेबाने विचार करतो: माती कसदार, तर पीक जोरात. अमेझॉनमध्ये हा हिशेब चालत नाही. तिथली बरीचशी माती लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेली, तांबडी आणि आम्लधर्मी आहे. कस जमिनीत कमी, झाडांतच जास्त साठलेला. पान गळून पडलं की उष्ण, दमट हवेत बुरशी आणि वाळवी त्याचा झटपट फडशा पाडतात. वरच्या थरात पसरलेली मुळं बुरशीच्या मदतीने ती अन्नद्रव्यं लगेच शोषून घेतात. वाया जायला फारसं काही उरतच नाही. म्हणून जंगल तोडून केलेली शेती दोन-चार वर्षांत बसते.

थोडं खत बाहेरूनही येतं, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच: सहाराची धूळ वाऱ्यावर अटलांटिक ओलांडून येते, तिच्यात फॉस्फरस असतो. अँडीजचा गाळ आणणाऱ्या नद्यांचे पूरकाठ मात्र खरोखर सुपीक आहेत.

पाऊस म्हणाल तर वर्षाला साधारण २००० मिलिमीटर किंवा जास्त. आपल्या ताम्हिणीत याहून कितीतरी अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत. तिथे जवळपास वर्षभर. शिवाय त्यातला बराच पाऊस झाडांनीच हवेत सोडलेल्या बाष्पाचा असतो.