एकाच संध्याकाळी तीन-चार वेगवेगळे बॅले दाखवतात, त्यात गोष्ट शोधायची का?

नाही, गोष्ट शोधत बसू नका. नेदरलँड्स डान्स थिएटरसारख्या दौरे करणाऱ्या कंपन्या एकाच तिकिटात दोन-चार छोट्या रचना दाखवतात. एकीचा दुसरीशी संबंध असेलच असं नाही. नृत्यरचनाकार यिरी किलियान यांची १९९१ची ‘पेतित मोर’च घ्या. सहा पुरुष, सहा स्त्रिया, सहा तलवारी. सुरुवातीला संगीतच नाही, फक्त पातं हवेत फिरल्याचा सपकन आवाज. मोत्झार्टचं संगीत नंतर येतं. आणि रंगमंचावरचे भारदस्त काळे झगे चक्क चाकांवर सरकतात (मला आधी पत्ताच लागला नाही!). कार्यक्रमपत्रिका मध्यंतरात वाचा, आधी नको. पहिली रचना नाही आवडली तरी उठू नका. मैफलीत पहिला राग नाही जमला म्हणून आपण कुठे उठतो?