ठेकेदार म्हणतो, माती परीक्षण कशाला?

एकानं विचारलंय: कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं दोन गुंठ्यांत घर बांधायचंय, तळमजल्यावर दोन मजले, अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी, आणि ठेकेदार म्हणतोय, "मुरूम लागंपर्यंत खणतो की, परीक्षणाला पैसे कशाला?" मी साइटवर काम करणारा इंजिनिअर आहे. माझ्या मते तुमचा ठेकेदार निम्मा बरोबर आहे: मुरूम गाठायचा हे ठीक, पण परीक्षण टाळायचं हे चूक.

आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा कातळ हा क्रम नेहमीचाच. पण ओढ्याकाठच्या प्लॉटात एका कोपऱ्यात चार फुटांवर लागलेला मुरूम दुसऱ्या कोपऱ्यात दहा फुटांवरही सापडत नाही. लहान इमारतीला मधोमध एक खड्डा किंवा बोअरही (माती तपासायला पाडलेलं अरुंद भोक) चालतो, असं माती तपासणीचं भारतीय मानक आयएस 1892 म्हणतं. मी मात्र समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत घ्यायला सांगतो. जेसीबीनं खड्डा काढलात तर आत उतरू नका, काळ्या मातीच्या कडा सांगून ढासळत नाहीत.

बोअरमध्ये 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून सोडतात आणि नळी शेवटची 30 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. त्यावरून पायाखालची माती किती भार घेईल याचा अंदाज येतो. लॅबला माती फुगण्याची चाचणीही करायला सांगा. चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, म्हणून फरक कळतो. हा फरक 50 टक्क्यांच्या वर गेला तर काळ्या मातीवर पाया टेकवायचाच नाही.

आता पाणी. इथं लोक हमखास फसतात, कारण खोदाई मे महिन्यात होते. बोअर मारताना वरून पाणी सोडतात, म्हणून पातळी दुसऱ्या दिवशी मोजायला लावा. शेजारच्या विहिरीला ऑगस्टमध्ये पाणी कुठवर येतं हे तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. शेजारी ऊस असेल तर उन्हाळ्यातही जमीन ओलीच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीला गेलं की आपण रस्ते बघतो, पण जमिनीखालचं पाणी त्याआधीच वर आलेलं असतं.

आमच्या मामांनी मेमध्ये कोरड्या खड्ड्यात आरसीसी टाकी बांधली, बाहेरून 3 मीटर लांब, 2 रुंद, 2 खोल. वरचा स्लॅब राहिला होता. जुलैत भोवती काठोकाठ पाणी भरलं. टाकीनं 12 घनमीटर पाण्याची जागा घेतलेली, म्हणून खालून 12 टनांचा रेटा, टाकीचं वजन जेमतेम 9 टन. सकाळी बघतात तर टाकी वाकडी होऊन वर आलेली! मामी म्हणाल्या, "होडी केलीसा व्हय?" आत पाणी भरून ठेवलं असतं तरी ती हलली नसती. तुमची टाकीही पहिल्या पावसाळ्यात रिकामी ठेवू नका.