घरगुती वापरासाठी स्वस्तातला चेनसॉ कोणता घ्यावा आणि तो टिकवायचा कसा?

इलेक्ट्रिक घ्या. सोळा इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), दोन हजार वॅटच्या आसपासची मोटर. एवढ्यावर थांबलो असतो, पण तुम्ही लिहिलंय की नागपूरला बेसा भागात प्लॉटवर कडुनिंब आणि सुबाभूळ आहे, बजेट सहा-सात हजार आहे आणि ओळखीचे सगळे ‘५८ सीसीची पेट्रोल मशीनच घे’ म्हणून राहिले. हे ओळखीचे लोक मला चांगलेच ठाऊक आहेत. त्यातले एक माझे साडू आहेत.

साडूभाऊंनी ऑनलाइन बघून बावीस इंची बारची अशीच मशीन मागवली. माझी इलेक्ट्रिक पाहून म्हणाले, “हे काय, मिक्सर आणला का?” पुढे प्रत्येक लग्नात चार लोकांसमोर हाच विनोद.

मग एका मे महिन्यात संध्याकाळी जोराचं वादळ आलं आणि मानेवाड्याला सासऱ्यांच्या अंगणातली कडुनिंबाची जाड फांदी कंपाउंडवर आडवी झाली. साडूभाऊ मशीन घेऊन हजर. दोरी ओढून ओढून शर्ट ओला झाला तरी मशीन ढिम्म. टाकीत मागच्या हंगामाचं पेट्रोल तसंच. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं. असं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्बोरेटर बसलाच समजा. पेट्रोल आणि ऑइलचं ताजं मिश्रण भरल्यावर मशीन सुरू झाली, तर कापेना. लाकडातून धूर, खाली पिठासारखा भुसा, काप एका बाजूला वळत चाललेला, आणि साडूभाऊ अंगाचा सगळा भार टाकून दाबताहेत. म्हणे, “लाकूडच कडक आहे.” कडुनिंब, कडक! बाभूळ असती तर काय म्हणाले असते?

मशीन बंद करायला लावली आणि चेन उन्हाकडे धरून पाहिली. प्रत्येक दाताच्या टोकाला पांढरी चकाकती रेघ. धार असलेला दात असा चमकत नाही, बोथट चमकतो. ४.८ मिमीची गोल कानस त्यांच्याच खोक्यात होती, प्लास्टिकमधून काढलेलीसुद्धा नव्हती. दातावर कोरलेल्या तीस अंशांच्या रेघेला धरून, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच घासे दिले. एका बाजूला जास्त घासलं की काप वळतो, म्हणून मोजून. त्यानंतर त्याच मशीनने जाड ढलप्या उडवल्या, दाबायची गरजच नाही. साडूभाऊ काय म्हणाले? “आता इंजिन गरम झालं ना, म्हणून चालली.”

तर मशीन कोणती यापेक्षा चेनला धार आहे का, हे बघा. कानस घेताना चेनचा पिच, म्हणजे कड्यांच्या अंतराचं माप बघा: .३२५ इंच पिचला ४.८ मिमी, थ्री-एट (३/८ इंच) लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या चेनला ४ मिमी. इलेक्ट्रिकवर बहुतेक दुसरीच येते. लाकूड जमिनीवर ठेवून कापू नका, चेन एकदा मातीत गेली की धार गेली. बारचं ऑइल इलेक्ट्रिकलाही लागतं, हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. गाडीचं काळं जळकं ऑइल ओतू नका, त्यातला कचरा ऑइलचं भोक बुजवतो. (साडूभाऊ, वाचत असाल तर हे तुमच्यासाठी.) चेन बारला खालून चिकटलेली हवी आणि हाताने ओढली तर सरकायला हवी, पण तपासताना पिन सॉकेटमधून काढा. काम संपलं की थोडी सैल करून ठेवा, थंड झाल्यावर ती आखडते. अधूनमधून बार उलटा लावा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

दोन हजार वॅट म्हणजे नऊ अँपियरच्या जवळपास, सोळा अँपियरचाच सॉकेट लागेल. सॉकेटपासून लांब कापायचं तर २.५ चौ. मिमीची वायर घ्या, बाजारातल्या बारीक एक्स्टेन्शनवर मोटर रडते आणि जळते.

आता हेही सांगून टाकतो: वावरात वीजच नसेल तर पेट्रोलशिवाय इलाज नाही. साडूभाऊंची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, तिथे त्यांचं बरोबर आहे, मानेवाड्यात नाही. पेट्रोलचीच घेतली तर लिटरभर पेट्रोलमध्ये किती टू-टी ऑइल मिसळायचं ते पुस्तिकेत बघा, स्वस्तातल्या बऱ्याच मशीनना १:२५, म्हणजे ४० मिली लागतं. आणि ठेवून देताना टाकी रिकामी करा.

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते, म्हणून चेन ब्रेक (अशा वेळी चेन जागीच थांबवणारा) नसलेली मशीन फुकट मिळाली तरी नको. चष्मा घाला, शिडीवर चढून चालवू नका. पडलेल्या फांदीचं ठीक, पण उभं झाड पाडायचं असेल तर आधी परवानगी लागते. महापालिकेच्या हद्दीत असाल तर उद्यान विभागात अर्ज करा, हद्दीबाहेर असाल तर तिथल्या नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत विचारा.