रेंज किती हवी? आधी गाडी रात्री कुठे उभी असते ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोजचं जाणं-येणं 45 किमी, पार्किंगमध्ये स्वतःचं सॉकेट आहे, वर्षातून चारदा आई-वडिलांकडे 380 किमीचा प्रवास होतो, आणि मन दोन इलेक्ट्रिक गाड्यांत अडकलंय. एकीची बॅटरी 55 किलोवॅट-अवरची, रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) कागदावर 420 किमी. दुसरी 75 ची, कागदावर 560. घरचे म्हणतात मोठीच घ्या, रस्त्यात अडकायला नको.

मी सहा वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतोय. आधी 40 किलोवॅट-अवरची होती, आता 60 ची आहे. माझं मत, तुम्हाला छोटी पुरेल. पण का पुरेल ते नीट बघा, कारण तुमच्याकडचं ते सॉकेट नसतं तर मी अगदी उलटं सांगितलं असतं.

साध्या घरगुती सॉकेटमधून 2 ते 3 किलोवॅट मिळतात. रात्रीचे दहा तास धरले तर 20 ते 30 युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-अवर), म्हणजे निदान सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तुमचा रोजचा खर्च सात-आठ युनिटांचा. तीन-चार तासांत भरून निघेल आणि रोज सकाळी गाडी तयार असेल. पेट्रोलच्या सवयीमुळे आपण टाकी संपेपर्यंत चालवायची आणि मग भरायला जायचं असा विचार करतो. घरी चार्जिंग असलं की तो हिशोबच उरत नाही, रोजच्या वापरात रेंजचा विचार डोक्यात येतच नाही. (एक काम मात्र आधी करा: वायरमनकडून सॉकेट आणि वायरिंग तपासून घ्या. तासन्‌तास सलग लोड घेताना जुनं सॉकेट तापतं.)

ज्यांची गाडी रस्त्यावर किंवा बिनसॉकेटच्या पार्किंगमध्ये उभी असते, त्यांचं गणित वेगळं. त्यांच्यासाठी रेंज म्हणजे आठवड्यातून किती वेळा सार्वजनिक चार्जरवर जाऊन थांबायचं ते. त्यातही 10 ते 80 टक्के एवढाच पट्टा सोयीचा, कारण 80 च्या पुढे फास्ट चार्जिंग रेंगाळतं. अशा माणसाला मी बिनदिक्कत मोठी बॅटरी सुचवतो, मग तो गावाबाहेर कधी जात नसला तरी. मोठी रेंज लांबच्या प्रवासासाठी असते असं सगळे धरून चालतात. मी पाहिलेल्या लोकांत तिचा रोजचा उपयोग सगळ्यात जास्त झाला तो घरी चार्जिंग नसलेल्यांना.

आता तुमचे 380 किमी. कागदावरचे आकडे आधी बाजूला ठेवा. रेंज मोजायची युरोपातली डब्ल्यूएलटीपी चाचणी 23 अंशांना होते, एसी बंद असतो आणि सरासरी वेग ताशी 46 किमीच्या आसपास पडतो. त्याच गाडीचा अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचा आकडा सहसा त्याहून कमी येतो. हायवेला सलग 110 ने जाणाऱ्याला दोन्हींचा उपयोग बेताचाच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 100 वरून 120 वर गेलात की तेवढ्याच अंतरात हवा कापायला 44 टक्के जास्त ऊर्जा लागते. मधल्या आकाराच्या गाडीला हायवेवर दर 100 किमीला साधारण 18 युनिट लागतात असं धरा. म्हणजे छोटी 300 किमी जाईल, मोठी 400.

मोठी गाडी 400 किमी जाते, तुम्हाला 380 हवेत, म्हणजे न थांबता पोहोचलो, असं वाटेल. पण 20 किमी शिल्लक ठेवून कोणी घरच्यांना घेऊन जात नाही. निदान 10 टक्के बॅटरी हाताशी हवीच, म्हणजे मोठ्या गाडीलाही एकदा थांबणं आलं. तिला पाच-सात मिनिटं पुरतील. छोटीला 19-20 युनिट भरावे लागतील, चार्जरवर सरासरी 60 किलोवॅट मिळाले तर वीस मिनिटं. पाऊस किंवा थंडी असेल, खप पाव पटीने वाढला, तर मोठीला वीसेक आणि छोटीला पस्तीस-चाळीस. फरक दोन्ही वेळा पंधरा-वीस मिनिटांचाच. वर्षातले आठ फेरे धरले तरी सगळे मिळून दोन-अडीच तास. त्या अडीच तासांसाठी दीडशेच्या आसपास किलो जास्तीची बॅटरी वर्षभर वाहून न्यायची का, ते तुम्ही ठरवा.

म्हणून लांबच्या प्रवासासाठी मी रेंजच्या आधी चार्जिंगचा वेग बघतो. तोही "कमाल इतके किलोवॅट" हा आकडा नाही, तो काही मिनिटंच टिकतो. 10 ते 80 टक्क्यांना किती मिनिटं लागतात ते विचारा. चार्जरवर पोहोचण्याआधी बॅटरी स्वतःहून गरम करून घ्यायची सोय आहे का तेही विचारा. थंड बॅटरी वीज फार सावकाश घेते.

आता घरच्यांची भीती. ती खोटी नाही, मी तिच्यातून गेलोय. पहिल्या गाडीने एका रात्री परत येत होतो. पाऊस धो धो आणि वारा समोरून. निघताना स्क्रीनवर 230 किमी होते, चार्जर 140 वर. पहिल्या तासातच लक्षात आलं की रस्ता 70 किमी सरलाय आणि रेंज 105 ने घटलीय. चार्जरवर पोहोचलो तेव्हा 18 टक्के होते आणि चार्जरचा पडदा काळा. बायको काही बोलली नाही, फक्त मागे झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. पुढचा चार्जर 34 किमीवर. वेग 70 वर आणला, हीटर बंद केला, काचेवर वाफ धरली की फक्त तेवढ्यापुरता पंखा लावायचा. 6 टक्क्यांना पोहोचलो.

त्या रात्रीनंतर मी राखीव नुसती टक्क्यांत मोजत नाही. ठरवलेला चार्जर बंद निघाला तर त्याच्या पुढचा किती किलोमीटरवर आहे, तेवढी बॅटरी राखीव. मार्गावर दर 40-50 किमीला चार्जर असतील तर छोटी बॅटरीही निर्धास्त. दोन चार्जरांमध्ये दीडशे किमीचा ओसाड पट्टा असेल तर मीही मोठीच घेईन. वेग कमी केला की रेंज वाढते, हे घरच्यांनाही एकदा प्रत्यक्ष दाखवा. पेट्रोल संपत आल्यावर इतका फरक हातात नसतो.

घाटाची भीती मात्र बरीचशी वाढवून सांगितलेली असते. 1800 किलोची गाडी 1000 मीटर वर चढवायला जास्तीचे पाच-सहा युनिट लागतात, आणि उतरताना त्यातले निम्म्याहून जास्त परत येतात.

बॅटरीच्या वयाचा विचार करा, तो बरेच जण विसरतात. बहुतेक कंपन्यांची हमी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमीला 70 टक्के क्षमतेची असते. सहसा इतकी घट होत नाही, पण हिशोब तिथपर्यंत करून बघा. छोटीच्या 300 किमीचे 70 टक्के 210, आणि वाईट हवेत 160-170. तरीही तुमचे रोजचे 45 आरामात होतात, आई-वडिलांकडे जाताना मात्र तेव्हा दोनदा थांबावं लागेल. 2010 च्या निसान लीफची रेंज ईपीए चाचणीत जेमतेम 117 किमी होती आणि बॅटरीला द्रवाने थंड करायची सोय नव्हती. उष्ण भागांत त्या बॅटऱ्या लवकर उतरल्या आणि मुळातच हातचं राखायला काही नसल्याने लोकांचे हाल झाले. तेव्हा बॅटरीला द्रवाची कूलिंग आहे ना, एवढं नक्की पाहा. आणि छोट्या गाडीत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर रोज 100 टक्के भरायला सहसा हरकत नसते. इतर प्रकारांत रोजच्या वापराला 80 वर थांबणं बरं. कागदावर सारख्याच दिसणाऱ्या दोन बॅटऱ्यांत तेवढा फरक पडतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: आई-वडिलांच्या घरी, गाडी उभी राहते तिथपर्यंत पोहोचेल असं सॉकेट आहे का? असेल तर रात्रभरात पंचवीसेक युनिट तिथेच भरतील, दोन रात्री राहिलात तर गाडी जवळपास पूर्ण भरून परत निघाल. नसेल तर गाडी ठरवण्याआधी ते बसवून घ्या, आणि वाटेतल्या चार्जरांमधली अंतरं इथे टाका. मग मी थांबे मांडून देतो.