मेक्सिकोत मित्रांबरोबर निवांत सुट्टी घालवायला कॅनकून सोडून कुठलं छोटं गाव चांगलं?

मासुंते. डोळे झाकून जा.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतून सहा जण निघणार, त्यात दोघं शाकाहारी, आणि मनगटाला पट्टा बांधून रिसॉर्टात पडून राहायचं नाही. मग कॅनकून-तुलुमचा नाद सोडा आणि देशाच्या दुसऱ्या अंगाला, वाहाका राज्यात पॅसिफिकच्या काठावर या. आमची कॉलेजची जुनी टोळी तिथे जानेवारीत गेली होती. पाऊस नसतो, हवा कोरडी, समुद्रात लांबवर देवमाशांचे फवारेही दिसतात.

मेक्सिको सिटीला विमान बदलून वातुल्को किंवा पुएर्तो एस्कोन्दिदोला उतरायचं. दोन्हीकडून टॅक्सीने साधारण तासाभराचा रस्ता. पोचुत्ला हे जवळचं बाजाराचं गाव. तिथून आणि आसपासच्या किनाऱ्यांवर फिरायला पिकअप चालतात. मागे समोरासमोर बाकडी, वर ताडपत्री, हात केला की थांबणार. थोडक्यात, आपलं वडाप.

गावात करायला फारसं काही नाही, आणि म्हणूनच मी सांगतेय. झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवाखाली झोपाळे टांगलेले असतात. त्यात पडायचं, ऊन कललं की पाण्यात जायचं, रात्री मेंढीकोट. आमच्यातल्या एकीने येताना तासातासाचं एक्सेल आणलं होतं. पहिल्या दुपारनंतर ते कुणी उघडलं नाही, तिनेही नाही. संध्याकाळी मात्र पुंता कोमेता या टोकावर चालत जा. सूर्यास्ताला अर्धं गाव तिथे असतं. परतताना अंधार होतो, बॅटरी हवीच.

पोहायला मासुंतेच्या किनाऱ्याचा पश्चिमेकडचा कोपरा, रिंकोन्सितो, त्यातल्या त्यात शांत. शेजारच्या सिपोलितेला पाण्याची आतली ओढ भयंकर आहे, तिथे कमरेच्या वर जाऊ नका. शिवाय तो विवस्त्र वावरायला मुभा असलेला किनारा आहे. ग्रुपमध्ये कुणी लाजाळू असेल तर आधी कल्पना द्या, नाहीतर बिचारा दिवसभर आकाशाकडे बघत बसेल!

आता कासवं. या गावाचं पोट एके काळी कासवांच्या शिकारीवर चालायचं. कत्तलखाना शेजारच्या सान अगुस्तिनियोत होता. 1990 मध्ये सरकारने शिकारीवर बंदी घातली आणि गावाचा रोजगारच गेला. मग इथे कासव संशोधन केंद्र आलं, गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर साबण-तेलं बनवायला घेतली, पर्यटक येऊ लागले. जवळच्या एस्कोबिया किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. आपल्या वेळासला येतात तीच जात, पण वेळासला एखाददुसरी मादी येते आणि इथे मोसमात काही रात्रींत हजारोंनी चढतात. मोठे लोंढे मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत. ते बघायचे तर जानेवारी सोडून आधी जावं लागेल आणि पावसाची, वादळाची तयारी ठेवावी लागेल. 2022 च्या मेअखेरीस अगाथा चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं होतं. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला कोरडाच मोसम धरा. जवळच्या वेंतानिया या वस्तीत गावकरीच होडीतून खारफुटीत नेतात, मगरी दाखवतात, तेवढं पुरे.

शाकाहाऱ्यांसाठी नीट वाचा. त्लायुदा म्हणजे परातीएवढी मोठी, कडक मक्याची पोळी. बाई ती निखाऱ्यावर टाकते, वाटलेला काळा घेवडा थापते, दोऱ्यासारखं सुटणारं केसियो चीज पसरते, कोबी, टोमॅटो, अवोकाडो. बघूनच तोंडाला पाणी सुटतं. पण घेवड्याच्या आधी चमच्याने एक तपकिरी थर फासला जातो, तो आसिएंतो, म्हणजे डुकराच्या चरबीचा खालचा गाळ. घेवडाही बऱ्याचदा चरबीतच परतलेला असतो. नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून भागत नाही. 'सिन आसिएंतो, सिन मान्तेका' (तो गाळ नको, चरबी नको) हेही म्हणा आणि पोळी निखाऱ्यावर जायच्या आत म्हणा. प्यायला आग्वा दे हमायका मागवा, लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत. मेस्काल, म्हणजे घायपातीसारख्या झाडाची दारू, इथलाच, घोट घोट प्यायचा असतो, एका दमात रिचवला तर समोरचा दुकानदार दुखावतो.

पेसो रोख जवळ ठेवा, छोट्या खानावळींत कार्ड चालेलच असं नाही. व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, ग्रीन कार्डवाल्यांनाही नाही. पण एच-वन-बीवाल्यांपैकी अनेकांचं मंजुरीपत्र चालू असतं आणि पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला असतो. तिकिटं काढायच्या आधी सहाही जणांचे पासपोर्ट उघडून तारखा बघा.